सोमवार ते शुक्रवार क्लोरीन जातं कुठं

आमच्या शेतावर पोहायचा टँक बांधायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध झाला तो माझ्या सासऱ्यांचा. कळंबा गावाच्या पुढं आमची थोडी जमीन आहे. भोवती ऊस, मध्ये घर, मागं म्हशींचा गोठा आणि आंब्यांच्या बाजूला नवऱ्यानं बांधलेल्या चार खोल्या. शनिवार-रविवारी पुण्याकडची माणसं मुलाबाळांना घेऊन राहायला येतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात, धार काढताना म्हशींचे फोटो घेतात आणि परत जातात. त्यातला जो तो विचारायचा, स्विमिंग पूल आहे का? हे सासऱ्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "पूल? हितं नदी कुठं हाय पूल बांधायला?"

सासरे तरुणपणी तालमीत होते. आता पंचाहत्तरी ओलांडली तरी मान अजून खांद्यात रुतलेली आणि आवाज बांधावरून बांधावर जाणारा. ते पोहायला शिकले विहिरीत. चुलत्यानं काठावरून ढकललं आणि ते शिकले, एवढीच त्यांची शिकवणी. पोहायचं तर विहीर आहे, नाहीतर लांब नदीवर जावं. फरशी लावून, निळा रंग देऊन पाणी अंगणात आणून ठेवायचं हे त्यांच्या पचनी पडेना. त्यात ते पाणी मिठाचं असणार हे कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "मिठाच्या पाण्यात माझी म्हसबी बसायची न्हाई," म्हणाले. "म्या तर पाय घालत न्हाई, सांगून ठेवतो."

मिठाचा हट्ट नवऱ्याचा होता. आमच्या मुलीला नेहमीच्या टँकमधल्या पाण्यानं अंगावर चट्टे उठायचे आणि कोकणातल्या एका हॉटेलात मिठाच्या पाण्यात ती दिवसभर डुंबली तरी तिला काही झालं नव्हतं. हे पाणी समुद्रासारखं खारट नसतं. जिभेला लावलं तर डोळ्यांतल्या पाण्याइतकं. ते पंपानं फिरत राहतं आणि फिरताना पाइपात बसवलेल्या एका डब्यातून जातं. त्या डब्याला सेल म्हणतात. सेलमध्ये धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना थोडी वीज दिली की पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार होतं. ते जंतू मारतं आणि आपलं काम झालं की पुन्हा मीठ होऊन पाण्यातच राहतं. मी शाळेत विज्ञान शिकवलं, विजेनं पाण्याचं विघटन फळ्यावर कितीतरी वेळा काढलं, पण मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर ते माझ्या दारात येऊन फिरायला लागेल असं वाटलं नव्हतं. टँकची जबाबदारी मी आनंदानं घेतली. सासूबाईंनी मिठाच्या गोण्या उतरताना पाहिल्या आणि इतक्या मिठात सगळ्या भावकीचं लोणचं झालं असतं एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्ती शांत. सासरे बोलतात त्याच्या दहाव्या हिश्शानंही त्या बोलत नाहीत, पण घर त्यांच्या मनाप्रमाणेच चालतं. दोघांना एकमेकांशी गोड बोलताना मी माझ्या लग्नापासून पाहिलेलं नाही. रस्त्यानं जाताना सासरे दहा पावलं पुढं, आत्ती मागं. देवाला जातानाही तसंच.

पहिलं वर्ष टँक गुणानं चालला. मी सकाळ-संध्याकाळ बारक्या नळीत पाणी घ्यायची, त्यात औषधाचे थेंब टाकायची आणि पाणी पिवळं होतंय का बघायची. हळदीसारखं पिवळं झालं की क्लोरीन भरपूर, नुसतीच पिवळी झाक आली की कमी, आणि पांढरंच राहिलं की काळजी. दुसऱ्या वर्षी होळी झाली, ऊन चढलं आणि पाणी पांढरं राहायला लागलं.

मी आधी मीठ तपासलं. आदल्या पावसाळ्यात टँक काठोकाठ भरून वाहिला होता. पावसाचं पाणी आत आलं की मिठाचं बाहेर जातं. मीठ कमीच निघालं. नवऱ्यानं गोण्या आणल्या, आम्ही दोघांनी मीठ टाकून झाडूनं तळाशी फिरवलं. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा पाणी पांढरं.

मग सेल उघडला. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरे डाग पडतात. सेलच्या पट्ट्यांवर तेच पांढरं किटण बसलेलं होतं. पाण्यात ॲसिड घालून त्यात पट्ट्या बुडवायच्या असतात. नवरा बादलीत आधी ॲसिड ओतायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि आधी पाणी, मग ॲसिड, हे त्याला आठवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. तो म्हणाला, घरात मास्तरीण असली की बादलीसुद्धा परीक्षा घेते. पट्ट्यांवरचं किटण फसफसून निघालं, पट्ट्या काळ्याभोर झाल्या. त्या शनिवारी पाहुणे आले, पाणी छान पिवळं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मंगळवारी पुन्हा पांढरं.

टँक बसवणाऱ्या कंपनीतल्या माणसाला फोन केला. तो भला माणूस, त्यानं सगळं नीट विचारून घेतलं. ऊन फार असेल तर क्लोरीन उन्हानंच उडून जातं, म्हणाला. ते टिकवायला एक पांढरी पावडर पाण्यात घालतात, ती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेली असणार. त्याचं बरोबर होतं, ती कमीच होती. आम्ही घातली. पाण्याचा आंबटपणा बघायला सांगितला, तोही जागेवर आणला. शेजाऱ्यानं उसाचा पाला पेटवला होता, त्याची काजळी उडून टँकमध्ये काळ्या अळ्यांसारखी तरंगत होती. ती जाळीनं काढली. एवढं सगळं केल्यावर क्लोरीन सुधारलं खरं, पण कसं? शनिवारी, रविवारी उत्तम. सोमवारपासून उतरायला लागायचं आणि शुक्रवारपर्यंत पार तळाला.

हे उलटं होतं. शनिवार-रविवारी टँकमध्ये पोरं उड्या मारतात, मोठी माणसं तासन्‌तास बसतात, घाम, धूळ, सगळं पाण्यात जातं. क्लोरीन खर्च व्हायचं ते तेव्हा व्हायला पाहिजे. सोमवार ते शुक्रवार टँकमध्ये चिटपाखरू नसायचं. कुणी नसताना क्लोरीन जात होतं आणि माणसं आली की टिकत होतं. कंपनीच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही वारांची गल्लत तर करत नाही ना?"

मी गल्लत करत नव्हते. त्यात आणखी दोन गोष्टी होत्या, ज्यांच्याकडे मी पुरेसं लक्ष दिलं नव्हतं. एक म्हणजे पाण्यावर काठाकाठानं तेलाचा पातळ तवंग दिसायचा, उन्हात त्यात रंग चमकायचे. पंपातून गळतं की काय म्हणून नवऱ्यानं पंप तपासला. तो कोरडा होता. दुसरी म्हणजे टायमर. पंप आपोआप चालू-बंद व्हावा म्हणून पंपघरात एक टायमर आहे, त्यात छोटी चकती घड्याळासारखी फिरते. ती दर आठवड्याला मागं पडायची. शनिवारी पाहुणे यायच्या आधी नवरा ती जागेवर आणायचा आणि लाइट फार जाते म्हणून कुरकुरायचा, कारण वीज गेली की चकती थांबते. शुक्रवारपर्यंत ती इतकी मागं पडलेली असायची की पंप दिवसा गप्प आणि अंधार पडल्यावर घुरघुरायचा.

एका बुधवारी मी स्वयंपाकघरात ओव्हनपुढं उभी होते. आमच्या ओव्हनचं घड्याळ लाइट गेली की शून्यावर येऊन लुकलुकत बसतं. ते बरोबर वेळ दाखवत होतं. मी तशीच ओल्या हातानं पंपघराकडं गेले. टायमर कितीतरी मागं होता. म्हणजे घरातली लाइट गेली नव्हती. फक्त पंपाची गेली होती. आणि पंपाची तेवढी लाइट आपणहून जात नसते. कुणीतरी बटण बंद करावं लागतं.

मला कोडी सोडवायला आवडतं. शाळेत प्रयोगशाळेतलं मॅग्नेशियम कोण पळवतं हेही मीच शोधून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी सगळ्यांदेखत जांभया दिल्या, पडते जरा म्हणाले आणि वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसले. नवरा खताच्या कामाला मुरगूडला गेला होता. उन्हानं अंगण पांढरंफटक पडलं होतं. म्हशी रवंथ करत होत्या. मला खरोखरच झोप यायला लागली होती, एवढ्यात गोठ्याच्या मागून सासरे निघाले.

कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल, अंग तेलानं चकाकतंय. तालमीतून निघावेत तसे झपझप आले. इकडं तिकडं बघितलं, पंपघरात गेले, आणि पंपाचा आवाज बंद झाला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हसू. मिठाच्या पाण्यात पाय न घालणारे पैलवान रोज दुपारी डुंबत होते तर.

पण ते पाण्यात उतरले नाहीत. पंपघरातून बाहेर येऊन ते गोठ्याकडं बघत उभे राहिले आणि त्यांनी हात हलवून कुणालातरी बोलावलं. गोठ्यामागून आत्ती आल्या.

माझ्या मुलीची जुनी ट्रॅकपँट गेले कित्येक दिवस सापडत नव्हती. ती आत्तींच्या अंगात होती. वर सासऱ्यांचा पांढरा फुल शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केसांचा घट्ट बुचडा, त्याच्यावर चांगलं थापलेलं खोबरेल. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना नऊवारीशिवाय कशात पाहिलं नव्हतं. त्या लंगडत आल्या. सासरे पाण्यात उतरले, पायरीवर वळून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला. आत्तींनी तो धरला.

आत्तींच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं होतं. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात चाला, पाण्यात अंगाचा भार पायावर येत नाही, गुडघे मोकळे होतील. आत्ती दवाखान्यात मान हलवून आल्या आणि घरी आल्यावर मला म्हणाल्या, या वयात पाण्यात शिरू का, लोक काय म्हणतील. मी दोन-तीनदा आग्रह केला, नवऱ्यानंही केला. त्या बधल्या नाहीत. त्या वर्षी जोतिबाला गेलो तर त्या गाडीतच बसून राहिल्या, पायऱ्या त्यांना झेपल्या नाहीत. तिथूनच त्यांनी हात जोडले. परत येताना सासरे पुढच्या सीटवरून सारखे वळून त्यांच्या गुडघ्यांकडं बघत होते.

मला खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मी जिना उतरले आणि पंपघराच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. चोरून ऐकणं बरं नाही हे मला कळत होतं, पण पाय तिथून हलेनात.

आत्ती कमरेएवढ्या पाण्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत होत्या आणि सासरे त्यांच्या शेजारून. पुढं नाही, शेजारून. मग मधोमध थांबून त्यांनी आत्तींना पाठीवर आडवं व्हायला सांगितलं.

"बटन बंद केलंयसा न्हवं?" आत्तींनी विचारलं.

"केलंय की."

"बघून आलासा? करंट असतोय ह्या पाण्यात. सूनबाईच सांगत हुती पावण्यांस्नी, लाइटवर चालतंय म्हनून."

"आगं बंद हाय. व्हय आडवी."

त्या आडव्या झाल्या. सासऱ्यांचा तळहात त्यांच्या पाठीखाली होता. तो तळहात मी म्हशीच्या पाठीवर पडताना पाहिलाय, नांगराच्या मुठीवर पाहिलाय, जेवताना ताटावर आपटतानाही पाहिलाय. आत्तींचा शर्ट फुग्यासारखा फुगला होता आणि त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

"आता सोडतो हात," सासरे म्हणाले.

"सोडू नगासा. सोडलासा तर माझ्याशी गाठ हाय."

"तुला पानी धरतंय. म्या कवाच धरलेलं न्हाई."

खोटं होतं ते. हात खालीच होता. पण आत्तींनी एक डोळा उघडून त्यांच्याकडं पाहिलं आणि त्या हसल्या. पोरीसारख्या हसल्या. मी तोंडात पदर कोंबला आणि आल्या वाटेनं परत गेले. वर जाऊन पलंगावर बसले तेव्हा मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

आता सगळा हिशेब लागला. आत्तींना वाटायचं की पाण्यात वीज सोडलेली आहे, म्हणून त्या पंप बंद केल्याशिवाय पाय घालायच्या नाहीत. सासरे मुख्य बटणच बंद करायचे, म्हणजे पंप, सेल आणि टायमर सगळं एकदम थांबायचं. बाहेर आल्यावर बटण पुन्हा लावायची आठवण त्यांना कधी तासाभरानं व्हायची, कधी संध्याकाळी. ऐन उन्हात, जेव्हा क्लोरीन सगळ्यात जास्त लागतं, तेव्हाच ते तयार होणं बंद. वर दोघांच्या अंगाचं आणि केसांचं तेल. ते जाळायलाही क्लोरीन लागतंच. शनिवार-रविवारी पाहुण्यांपुढं दोघं येणं शक्य नव्हतं, म्हणून त्या दिवशी पाणी चांगलं.

संध्याकाळी नवरा मुरगूडहून आला. त्याला सांगितलं तर तो आधी खो-खो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. आई घसरली म्हणजे? आत्ताच जाऊन बोलतो, म्हणाला. मी त्याला बसवलं. बोलला असता तर आत्ती पुन्हा कधी पाण्यात उतरल्या नसत्या आणि सासऱ्यांनी टँकमध्ये माती टाकायला सांगितली असती. "तुम्ही काही बोलायचं नाही," मी म्हणाले. "आपण पाणी दुरुस्त करायचं. बाकी त्यांचं ते बघतील."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं पायऱ्यांशी धरायला स्टीलची दांडी बसवून घेतली आणि खाली रबराची चटई टाकली. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाला, पाहुण्यांची पोरं घसरतात. मी टायमरच्या खिट्या अशा बदलल्या की पंप भल्या पहाटे सुरू व्हावा, दुपारी दोन ते चार आपोआप थांबावा आणि मग पुन्हा संध्याकाळपर्यंत चालावा. टायमर चालू राहणार, बटणाला हात लावायची गरजच नाही. टँकच्या कडेला नळ होताच. तिथं साबणाची वडी ठेवली आणि पाटी रंगवून घेतली: आधी अंगाचं व केसांचं तेल साबणाने धुवावे, मगच पाण्यात उतरावे.

राहिला विजेचा प्रश्न. तो मी रात्रीच्या जेवणात काढला, नवऱ्याशी बोलल्यासारखा. परवा एक पाहुणे विचारत होते, टँकच्या पाण्यात करंट असतो का. तर मी त्यांना सांगितलं की करंट अगदी बारका असतो, बॅटरीच्या खेळण्यात असतो तसा, आणि तोही पाइपातल्या डब्याच्या आत. टँकमध्ये येतं ते नुसतं पाणी. मी स्वतः पंप चालू असताना रोज हात घालून पाणी काढते, मला कधी काही झालेलं नाही. नवऱ्यानं शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. सासरे भाकरीकडं बघत होते. आत्ती वाढता वाढता थांबल्या.

"मग समज, चालू असताना म्हस पडली त्यात," त्या म्हणाल्या, "तर तिला काय व्हनार न्हाई?"

"काही होणार नाही, आत्ती."

"म्हशीला?"

"म्हशीलाही नाही आणि माणसालाही नाही."

त्यांनी माझ्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली. सासरे हात धुवायला उठले.

पुढच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी नळीत थेंब टाकत होते तेव्हा परीक्षेचा निकाल बघावा तसं धडधडत होतं. सोमवारी पिवळं. मंगळवारी पिवळं. बुधवारी जरा फिकं, पण पांढरं नाही. पाटीचा परिणाम व्हायला थोडा वेळ लागला. आधी तवंग कमी झाला, मग एका दुपारी खिडकीतून पाहिलं तर सासरे नळाखाली उकिडवे बसून पाठ घासून घेत होते आणि आत्ती वडी हातात घेऊन त्यांच्या मागं उभ्या होत्या. त्यानंतर तेलाची मालिश पोहून झाल्यावर व्हायला लागली. शुक्रवारी पाणी चांगलं पिवळं निघालं. कंपनीच्या माणसाला कळवलं की टँक बरा झाला. काय बिघडलं होतं, त्यानं विचारलं. पंप भरदुपारी बंद राहत होता आणि पाण्यात तेल जात होतं, मी म्हणाले. एवढं त्याला पुरलं.

मी रोज बघत नव्हते, पण कधीतरी मोह व्हायचा. आत्ती आता पाठीखालच्या हाताशिवाय तरंगायच्या. मग त्या पालथ्या होऊन दांडी धरून पाय मारायला शिकल्या. सासऱ्यांची शिकवायची पद्धत म्हणजे तालमीतली: ओरडून. पण ओरडायचं तर घरात ऐकू जाईल, म्हणून ते दबक्या आवाजात ओरडायचे. तो प्रकार फार मजेशीर दिसायचा.

वैशाखातल्या एका दुपारी मी पंपघरात सेल बघायला गेले होते. खरंच सेल बघायला; मधूनमधून उघडून किटण बसलंय का ते पाहावं लागतं. बाहेरून आत्तींचा आवाज आला.

"ये की भाईर. किती दिस भितीआडनं बगणार हाईस?"

मी हातातला पाना तसाच धरून बाहेर आले. आत्ती पाण्यात मधोमध उभ्या होत्या. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आत्तींकडं पाहिलं आणि एक बुडी मारून ते लांबच्या कोपऱ्यात निघाले.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पंप दुपारी आपसुक बंद व्हाया लागला तवाच. दांडी काय, पाटी काय. साबनबी चंदनाचा ठेवलास." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "बोलली न्हाईस ते बरं केलंस."

मी काठावर बसले. तेवढ्यात त्यांनी हुकूम सोडला, की आता मी पण उतरायचं. मला पोहता येत नव्हतं. वर्षाहून जास्त त्या पाण्याची मी निगा राखली, त्याचं मीठ मोजलं, आंबटपणा मोजला, पण गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते. आमच्या माहेरी मुलींना पाण्याच्या कडेला जाऊ देत नसत आणि मग वय निघून गेलं. मी सबबी सांगितल्या. पंजाबी ड्रेस आहे, चष्मा आहे, काम पडलंय.

"चष्मा काड," आत्ती म्हणाल्या.

मी उतरले. पाणी छातीपर्यंत आलं तशी मी आत्तींचा दंड धरला. आत्तींनी मला आडवं व्हायला लावलं आणि पाठीखाली हात धरला. सासरे लांबच्या कोपऱ्यातून, आंब्याच्या झाडाकडं तोंड करून सूचना देत होते, कारण सुनेकडं बघून शिकवणं त्यांच्यानं होईना: मान सोड, पोट वर काड, पाय ताट करू नगंस. आत्ती ते जसंच्या तसं मला परत सांगत होत्या. माझ्या कानात पाणी गेलं होतं, त्यामुळं मला दोघांचंही नीट कळत नव्हतं. पण कधीतरी मान सुटली आणि मला वर नुसतं आभाळ दिसायला लागलं, कडेला आंब्याचा शेंडा. आत्तींचा हात पाठीला लागत होता, खरबरीत आणि उबदार. लग्न होऊन आले तेव्हा त्या हातानं माझ्या डोक्यावर पदर नीट केला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत आम्हा दोघींचे हात भाकरीच्या परातीतच काय ते एकमेकींना लागले असतील.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा दोरीवर ट्रॅकपँट, पंचा, एक पांढरा शर्ट आणि माझा ड्रेस शेजारी शेजारी वाळत होता. त्यानं ते कपडे एकेक करून मोजले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुरगूडचं काम टाकून तोही टॉवेल घेऊन हजर झाला. सासऱ्यांनी त्याला आधी पाटी वाचायला लावली.

पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही जोतिबाला गेलो. आत्ती पायऱ्या उतरल्या, मध्ये एकदा कठड्याला टेकून थांबल्या, पण उतरल्या. दर्शन झालं, गुलाल लागला, वर चढताना सासरे पुढं गेले नाहीत. ओळखीचा एक दुकानदार, खोबऱ्याच्या वाट्या रचत बसलेला, त्यानं आत्तींना हाक मारून विचारलं की औषध कुठलं चालू आहे. आत्तींनी सांगितलं की औषध नाही, पोहायला जाते. त्यानं ऐकण्यात चूक झाली असं समजून पुन्हा विचारलं. आत्तींनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यांदा. सासरे शेजारी नारळाची पिशवी धरून उभे होते आणि भोवतीची चार माणसं वळून बघत होती.

"व्हय, पोहाया जाती," ते म्हणाले. "म्याच शिकिवलंय."

आता आमच्या वस्तीवरच्या आणखी तीन बायका सोमवार ते शुक्रवार दुपारी येतात. एकीचा खांदा धरलाय, एकीला साखर आहे आणि तिसरी म्हणते तिला काही झालेलं नाही, तिला फक्त पाण्यात बसायला आवडतं. त्यांची वेणी हुंगून मगच आत्ती त्यांना पायरीवर पाय ठेवू देतात. पाच जणींमुळं क्लोरीन थोडं जास्त लागतं, म्हणून मी सेलची मात्रा वाढवली आहे. संध्याकाळी नळीतलं पाणी व्यवस्थित पिवळं असतं. सासरे त्या वेळात गोठ्यामागं खाट टाकून पडतात आणि बायकांच्या गोंगाटानं झोप लागत नाही म्हणून तक्रार करतात. खाट लांब न्या म्हटलं तर नेत मात्र नाहीत.